मुखियाचा बसलेला घसा

थंडी पडली की संध्याकाळी आमच्या फिजीतल्या डोंगरगावात वाइसेयाची हाळी फिरायची. तो गावचा मुखिया. त्याचा आवाज नदीपलीकडेही ऐकू जायचा, आणि त्याची त्याला भारी घमेंड. यंदा जुलैत, म्हणजे आमच्या ऐन थंडीत, त्याच्या मुलीला, उनाइसीला, बाळ झालं तशी हाळी वाढली, "हात धुवा! आपापली वाटी वापरा! नाक गळतंय त्यानं बाळाचा गाल हुंगायचा नाही!"

गाल हुंगला नाही तर बाळाला आपलं मानलं नाही, असं आमच्याकडे धरतात. तरी लोकांनी मुकाट ऐकलं.

मग एके सकाळी नदी ओलांडून त्याची विहीण तोकासा आली. काखेत नातवासाठी स्वतः विणलेली चटई. चुलीचा धूर नाकात गेला आणि ती उनाइसीच्या दारातच शिंकली.

"थांबा विहीणबाई!" वाइसेया सगळ्यांदेखत गरजला. "बऱ्या होऊन या."

"अहो, धुरानं आली शिंक. लांबून तरी बघू द्या की."

"सगळे असंच म्हणतात."

ती चटईसकट परत गेली.

त्याच आठवड्यात त्याची हाळी फाटकी येऊ लागली. मी विचारलं, "मुखिया, घसा बसला वाटतं?"

"तुमच्यासारख्या बहिऱ्यांसाठी ओरडून ओरडून बसला!"

अंगात कणकण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नियम आपण केलेला, तो आपल्याला कशाला लागेल? उनाइसीचा डोळा लागल्यावर त्यानं बाळाचे दोन्ही गाल हुंगले.

पुढं बाळ दूध घेईना, छाती भात्यासारखी उडायला लागली. ट्रकमधून त्याला खाली शहरातल्या इस्पितळात नेलं. नर्सनं विचारलं, "घरात कुणाला सर्दी होती?" उनाइसीनं मान खाली घातली, बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाइसेयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तडक माघारी आला आणि माफी मागताना आमच्याकडे पुढं ठेवतात ती यंगोनाची मुळी घेऊन नदीपलीकडे गेला. तोकासाच्या पायरीवरच बसला.

"आत या ना," ती म्हणाली.

"नको. मला सर्दी आहे." मग मान न उचलता, "तेव्हाही होती. बाळाला माझीच लागली. नळीनं श्वास घेतंय ते."

तोकासानं मुळी हातात घेतली. मग आतून ती चटई घेऊन आली आणि खरंच काळजीनं म्हणाली, "मला येऊ देतील का हो तिथं? काल चुलीपाशी पुन्हा शिंकले होते मी."

त्या संध्याकाळी त्याचा आवाज फुटेना. दारोदार जाऊन त्यानं आपली करणी सांगितली. आमच्या दारात तो उभा होता तेव्हा मलाच त्याच्याकडे बघवेना.

बाळ वाचलं. त्या चटईवर लोळतं, तोकासा त्याला पोटभर हुंगते. वाइसेयाचा खोकला कधीच गेला, पण अजून तो दाराबाहेर बसूनच बाळाला बघतो. आत ये, असं उनाइसीनं त्याला अजून म्हटलेलं नाही.