साहेबाची फ्रेंच, आईची मालवणी

गिरणी बंद पडली आणि बाबा विक्रोळीत एका गोडाउनवर वॉचमन झाले. आई चार घरी पोळ्या करायची. त्या पोळ्यांवर आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाली ती माझी थोरली बहीण, वंदूताई. दुसरा मी. गेल्या महिन्यात ताई गेली... हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो.

मार्क मिळतात म्हणून ताईने अकरावीत फ्रेंच घेतलं आणि पुढे मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये त्याच फ्रेंचच्या शिकवण्या केल्या. फ्रेंच म्हणजे पॅरिस, असं कुणी म्हटलं की ती उसळायची. "पॅरिस तू बघ रे. फ्रेंचांनी ज्यांच्यावर राज्य केलं, ती माणसं त्यांच्याच भाषेत त्यांना कसं सुनावतात, ते मला बघू दे!" सेनेगल, अल्जीरिया, हैती... कुठकुठले सिनेमे तिने जमवले. चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये चादर बांधून ती ते दाखवायची आणि बाजूला बसून प्रत्येक वाक्य मराठीत बोलायची. सगळी चाळ यायची. आई मात्र अर्ध्यातून उठायची, आणि ताईच्या मनाला तेवढंच लागायचं.

एक सिनेमा आफ्रिकेतल्या बंदरावरचा होता. कामासाठी फ्रान्सला गेलेल्या मुलाचा पत्ता लागेना म्हणून त्याची आई सरकारी कचेरीत जाते. साहेब तिच्याच गावचा, तिच्याच रंगाचा. गोरे कधीच गेलेत, पण हा खुर्चीत बसला की फक्त फ्रेंच बोलतो. तिला फ्रेंच येत नाही, ती आपल्या बोलीतच विचारत राहते. ताईने दोघांचं बोलणं एकाच मराठीत सांगितलं. आमची आई उठली.

"गो वंदू, ती बाय इतक्या बोलता, मगे साहेबाक तिचा कळणा नाय कित्याक?"

ताई हिरमुसली. मग म्हणाली, "चूक माझीच गं. दोघांची भाषा मी एक करून टाकली."

पुढच्या रविवारी तिने तोच सिनेमा पुन्हा लावला. साहेब बोलू लागला, "आपला अर्ज विहित नमुन्यात नाही." आणि ती बाई, थेट आईच्या मालवणीत, "माका माझ्या झिलाचो पत्तो होयो. तुझो नमुनो घाल चुलीत!" हॉल हसून लोळला. बाबांच्या गिरणीकडे थकलेल्या पैशांसाठी आईने अशाच कचेऱ्यांचे जिने झिजवले होते. ती शेवटपर्यंत बसली. नंतर ताईला म्हणाली, "माझ्यासारख्याच बोलता गो ती."

परवा मंडळाने ताईसाठी तोच सिनेमा ठेवला. बोलायला मी बसलो. साहेबाचं जमलं. बाईचं वाक्य आलं आणि मी "माका" एवढंच म्हटलं... तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. मी बाजूला सरकलो. पुढचं प्रत्येक वाक्य आईने म्हटलं. चार इयत्ता शिकलेली माझी आई, भरल्या हॉलसमोर, साहेबाला मालवणीत जाब विचारत होती. एवढं वंदूताईने करून ठेवलं.