हाडातून आलेला आवाज

कान तपासणाऱ्या बाईंना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण दवाखान्यातली ती आवाजबंद खोली त्यांना अजून आठवते. त्या काळी शब्द टेपवर नसत. बाई स्वतः माइकसमोर बसून यादी वाचत आणि काचेपलीकडचा माणूस ऐकलेला शब्द परत म्हणून दाखवी.

एकदा एक म्हातारे सुतार बायकोबरोबर आले. कान वाहून वाहून पडदे गेलेले, बारा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. बाईंनी त्यांच्या कानामागच्या हाडावर हाडातून आवाज आत पोचवणारं बटणाएवढं यंत्र पट्ट्याने बसवलं आणि वाचायला सुरुवात केली, "पाणी, दार, फूल..." वीसपैकी अठरा शब्द सुतारांनी अचूक सांगितले. कानांनी दगा दिला होता, हाडांनी नाही.

बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी माइक काचेच्या अलीकडे बसलेल्या सुतारांच्या बायकोपुढे सरकवला. आजींनी सवयीने बेंबीच्या देठापासून हाक मारली, तसे सुतार दचकले.

"हळू बोला, आजी. शेजारी बसल्यासारखं."

आजींना ते लगेच जमेना. दोनदा घसा खाकरून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, येतंय का ऐकू?"

सुतारांनी कानामागचं यंत्र बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू सारखी माझ्यावर चिडलेली असतेस."

"मी कशाला चिडू?" आजी म्हणाल्या आणि बोलतच राहिल्या.

बाहेर रांग खोळंबली होती. बाईंनी यादी मिटली आणि त्यांना बोलू दिलं.