डावा कळा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. देवाला ठाऊक आहे असं म्हणावं, तर तेही तोंडातून निघत नाही — कारण गोष्ट त्याच्याच गाभाऱ्यातली आहे. कितीदा जिभेवर आलं आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. पावसाचं विचारलं, झेंडू महागला म्हणालो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. ओळखीच्या माणसापुढे हे जमलं नसतं — आणि ओळखीच्या माणसापुढे ते कसं जमलं नाही, तेच तर सांगायचं आहे.

मी गुरव. रत्नागिरीच्या बाजारात माझं हारफुलांचं दुकान आहे, पण घर होतं विमानतळाच्या तारेलगतच्या वाडीत. विमानतळ म्हणजे काय — सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उंच माळावरची, एक लांब डांबरी पट्टी, काटेरी कुंपण, फाटकावर बंदूकवाला जवान. वर्षानुवर्षं ते लष्करी कामाचंच होतं. कधी एखादं विमान उतरायचं, गुरं बुजून धावायची आणि पुन्हा सगळं शांत. तरी आम्ही त्याला विमानतळच म्हणायचो. आमच्यातलं कुणी त्यातून कुठे गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग ऐकू आलं की आता ते सगळ्यांसाठी खुलं होणार. प्रवासी येणार, मोठी इमारत होणार, पुढेमागे परदेशातून विमानं येणार, आखाती देशात कामाला असलेली पोरं थेट रत्नागिरीत उतरणार. मोजणीवाले आले, सड्यावर चुन्याच्या खुणा पडल्या. त्या खुणांच्या आत आमची वाडी होती. वाडी कसली, मूठभर घरं आणि वरच्या अंगाला आईनाच्या झाडाखाली आमचा देव. काळा पाषाण, त्याला ना डोळे ना हात. भोवती चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. आत अंधार, आणि जागा एवढीच की वाकून एकच माणूस बसेल. तो माणूस म्हणजे मी. माझ्या आधी माझे वडील.

वाडीला काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावायचा. फुलांचे दोन कळे पाण्यात भिजवून पाषाणाला चिकटवायचे — एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर देवाचं हो. डावा पडला तर नाही. आत काय पडलं ते फक्त गुरवाला दिसतं. बाहेरच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. आमच्या वाडीत लग्नं अशी ठरली, विहिरी अशा खणल्या गेल्या. माझ्या वडिलांनी कुणालाही न आवडणारे कौल सांगितले आणि लोकांनी ते मुकाट ऐकले.

घरं सोडायला वाडी एकदम तयार झाली नाही, पण झाली. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईत, मागे म्हातारी माणसं. शहराच्या दुसऱ्या बाजूला प्लॉट मिळणार होते, नळाचं पाणी मिळणार होतं. खोटं कशाला बोलू — मलाही जायचं होतं. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची आणि गुडघे धरत हंडे आणणारी माझी बायको मला रोज दिसायची. एका वस्तीने एकदिलाने होकार दिला की पुढचं लवकर होईल, एक घर जरी अडलं तरी सगळ्यांचं अडकून पडेल, असं साहेब लोक सांगून गेले होते.

अडली होती भागीकाकी.

भागीकाकी वाडीतली सगळ्यात वडीलधारी बाई. नवरा फार पूर्वी गेला, मूल नाही. एकटी राहायची. मी लहान असताना आई आजारी पडली की तिच्याकडे जेवायचो, एवढं नातं. ती नवी नवरी म्हणून वाडीत आली तेव्हा पहिल्यांदा धावपट्टीसाठी जमीन गेली होती. त्यात तिच्या सासऱ्याचा भाताचा चांगला मळा गेला. तेव्हाही कुणीतरी येऊन सांगितलं होतं की बस, एवढंच, यापुढे तुम्हाला कुणी हात लावणार नाही. ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यामुळे आता कुणी काही सांगायला गेलं की ती नुसती हसायची. भांडायची नाही. पण उठायचीही नाही.

शेवटी तिनेच तोड काढली. मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले, सगळे देवळापुढे जमलेले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "देवाला विचारा. देवान उजवा दिलान तर मी आजच्या आज उठतंय. डावा दिलान तर मंग मना कुणी काय बोलायचा नाय, आनि तुमीपन माज्याबरोबर ऱ्हायचा."

सगळे कबूल झाले. तोंडावर नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावायचं ठरलं.

त्या संध्याकाळी तिचा पुतण्या सुरेश माझ्या दुकानावर आला. मुंबईत नोकरीला, सभ्य माणूस. चहा घेतला. दम दिला नाही, लालूच दाखवली नाही — दाखवली असती तर निदान आज कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "अंतादादा, देव काय बोलत नाय. बोलतोस तू."

वडील असते तर काय म्हणाले असते? दुकानातून हाकलून दिलं असतं बहुतेक. मी त्याच्या कपातला उरलेला चहा गटारात ओतला आणि गजरे ओवत बसलो.

आता सांगतो. सकाळी मी आत गेलो तेव्हा बाहेर अख्खी वाडी बसली होती. भागीकाकी उंबऱ्याच्या अगदी बाहेर, पहिली. मी कळे भिजवले. डावा चांगला निथळता भिजवून नीट दाबून बसवला. उजवा — उजवा नुसता ओलसर केला, टेकवल्यासारखा केला. कळत होतं मला. हातांना कळत होतं. फुलांचाच धंदा आहे माझा. ओलं फूल किती वेळ चिकटतं आणि सुकं कधी गळतं हे मला कुणी शिकवायला नको. देवाला विचारायला बसलो होतो आणि त्याचं उत्तर आधीच लावून ठेवलं होतं.

गाऱ्हाणं घातलं. आवाज कापला, पण तो नेहमीच थोडा कापतो. मग बसून राहिलो.

आणि डावा पडला.

तुम्ही म्हणाल योगायोग. असेलही. वाऱ्याची झुळूक आली असेल, पाषाणाची ती बाजू गुळगुळीत असेल. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या क्षणी मला तसं वाटलं नाही. समोरचा दगड माझ्याकडे बघतोय असं वाटलं — आणि तरीही माझा हात पुढे झाला. मी उजवा कळा बोटाने पाडला, तो हातात घेतला, मागे वळलो आणि म्हणालो, "उजवा दिलान."

एवढंच. दोन शब्द.

बाहेर कुणी ओरडलं नाही की नाचलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, तो मला ऐकू आला. भागीकाकी पुढे झाली. उंबऱ्यावर डोकं टेकलं, जरा वेळ तशीच राहिली. मग उठून लुगडं झटकलं आणि घराकडे चालू लागली. वाडीला वाटलं रडायला गेली असेल. ती भांडी बांधायला गेली होती.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. घरं पडली. देव वाजतगाजत नव्या जागेत आणला. त्याला सिमेंटचं देऊळ, टाइल्स, दिवे, घंटा. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात नळ आला. धावपट्टीवर यंत्रं फिरायला लागली, लांबून ती मोठी काचेची इमारत उभी राहिलेली दिसायला लागली. ती झाली मात्र दुसऱ्या टोकाला. आराखडा मधेच बदलला म्हणे. आमची वाडी होती तो तुकडा भिंतीच्या आत तसाच पडून आहे. तिथे काही बांधलं नाही. गवत वाढतं, पावसाळ्यानंतर कापतात. मी कामाने त्या रस्त्याने जातो तेव्हा भिंतीवरून आईनाच्या झाडाची जागा ओळखता येते. झाड नाही.

भागीकाकीने मला एकदा विचारलंही, की माझ्या घराच्या जागेवर त्यांनी काय केलं. ती कुठे बघायला जाणार होती? मी म्हणालो, तिथे लोकांना बसायची जागा केलीय, पंखे आहेत, म्हातारी माणसं बसतात. तिला ते बरं वाटल्यासारखं दिसलं. त्या खोट्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. खरं सांगतो, नाही वाटत. वाईट वाटतं ते ह्याच्यापुढच्या खोट्याचं.

नव्या जागेत ती एका खोलीत राहायची. अंगणात दोन तुळशी, एक मिरचीचं रोप — एवढीच तिची जमीन. सुरेश वेळेवर यायचा, औषधपाणी बघायचा, त्याला नावं ठेवायला जागा नाही. तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. माझ्या देवळात रोज यायची. पण मी कौलाला बसलो की उठून जायची. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही. लावायचा नव्हता.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी ती अंथरुणाला खिळली. दुपारी दुकान बंद करून मी अंगारा घेऊन गेलो. तिचं करायला आलेली सुरेशची बायको चहा टाकायला मागे गेली, खोलीत आम्ही दोघंच. भागीकाकीने मला जवळ बसायची खूण केली. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता, पण नजर माझ्यावर ठरलेली. म्हणाली, "अंता, त्या दिवशी डावा पडला होता रे. उंबऱ्याला डोका टेकला तवा खाली बगितला मी. डावीकडं भुईवर पडला होता, न् तुज्या हातात दुसरा."

ती पुढे बोलत राहिली, थांबत थांबत. तेव्हाच बोलणार होती, म्हणाली. पण मागे वळून सगळ्यांची तोंडं बघितली. गुरवाला, ज्याला तिने भरवलं होतं त्याला, चारचौघांत खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. आणि ह्या सगळ्यांना जायचंच आहे तर आपण एकटीने देवाला धरून काय करायचं, असं तिला वाटलं. मग म्हणाली, वाट बघत होते, तू कधीतरी येऊन सांगशील.

रागावली नव्हती. तिने दार उघडून धरलं होतं, एवढंच. मला फक्त 'होय काकी' म्हणायचं होतं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. घरं पडून गेलेली, प्लॉट नावावर झालेले, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. कशाला भ्यायलो मी? कुणाला? एका मरायला टेकलेल्या बाईला, जिला सगळं आधीच ठाऊक होतं?

मी म्हणालो, "काकी, तुमाला भास झाला असंल. उजवाच पडला होता."

आणि वर हसलोही थोडा. म्हाताऱ्या माणसाला समजवताना हसतात तसा.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल — मला बोल लावेल, वडिलांचं नाव काढेल. तसं काही झालं नाही. तिने नजर वळवली, हाताने पांघरुणाची कड चाचपली आणि म्हणाली, "असंल बाबा. डोल्यांचा काय खरा."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. चहा आला. मी तो प्यायलो. अंगारा तिच्या कपाळाला लावला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

चार-सहा दिवसांत ती गेली. हार माझ्याच दुकानातून गेला, मीच ओवला. सुरेश पैसे देत होता, मी घेतले नाहीत, तर तो सगळ्यांना सांगत सुटला की अंतादादाची काकीवर किती माया.

मी अजून गुरवच आहे. लोक येतात — पोरीचं लग्न, बोअरला पाणी, कोर्टातली केस. मी कळे लावतो. दोन्ही सारखे भिजवतो. पडेल ते सांगतो. त्याने मागचं काही पुसलं जात नाही, हे मला कळतं. दिवसभर सड्याकडून यंत्रांचा आवाज येतो. लवकरच विमानं सुरू होणार म्हणतात. वाडीतली पोरं खूश आहेत आणि त्यांनी खूश असू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

एका बाईने आयुष्यभर स्वतःच्या कानाडोळ्यांवर विश्वास ठेवला. पहिल्यांदा जमीन गेली तेव्हा तिला काय सांगितलं गेलं होतं, ते तिने विसरू दिलं नाही. कौलाच्या दिवशी डावा कळा भुईवर पडलेला तिने बघितला. आणि शेवटी मी तिला तिच्याच डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली — का, तर दोन माणसांच्या खोलीत मला मान खाली घालायला लागू नये म्हणून.

डावा पडला होता. भागीकाकीने बरोबर बघितलं होतं.