निरोपाचे चिंचोके

केडगावला आमच्या शेजारी टेलिफोन खात्यातले एक इंजिनिअर राहायचे. "शरीरातली पेशीसुद्धा ट्रंककॉलच लावते," ते म्हणत. "आतून निरोप सुटतो, वाटेत खरखर मिसळते. निरोप चुकला, की पेशी बिघडते."

हे दाखवायला रविवारी ओट्यावर ते चिंचोक्यांची ओळ मांडत. अख्खे काळे, फोडलेले पांढरे. ती क्षणभर पाहून मी तशीच मांडायची, माझी पाहून वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. चिंचोका चुकला, की ते खूश. "सापडली खरखर!" म्हणत लगेच बदलत.

वहिनींच्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली. त्या रविवारी त्यांचा एक चिंचोका चुकला.

"अहो, बदला की," त्या म्हणाल्या.

"राहू दे," म्हणत इंजिनिअरांनी स्वतःच्याच ओळीतला चिंचोका वहिनींच्यासारखा बदलला.