नाई असंन तं नाई म्हणा

आमची आत्या कुठल्याही खिडकीपाशी गेली की आधी 'जयभीम साहेब' म्हणायची, मग हातातली पिशवी पायाशी ठेवायची आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "होत असंन तं हो म्हणा, नाई असंन तं नाई म्हणा. उद्या नका म्हणू, बाप्पा." खिडकी तहसीलची असो, बँकेची असो, की रेल्वेच्या चौकशीची. आतला माणूस कधी हसायचा, कधी खेकसायचा आणि बहुतेक वेळा 'उद्या या' असंच म्हणायचा. मी स्वतः वर्ध्यात एका कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. त्यामुळे तिचं हे वाक्य सुरू झालं की मला उगाचच घाम फुटायचा.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. हिंगणघाटच्या वाटेवर, रुळाला लागून असलेल्या एका लहानशा गावात एकटी राहायची. तिचे यजमान, आमचे मामाजी, वारले होते, लेक लग्न होऊन चंद्रपूरकडे. जवळचा म्हणावा असा मीच. हायस्कूलची माझी वर्षं तिच्याच घरी गेली. तेव्हापासून मी तिला गाडीची धास्ती घेताना पाहत आलो. वर्ध्याला यायचं असलं की पहाटेच उठून बसायची. पिशवी चारदा उघडून पाहायची, कुलूप दोनदा ओढायची आणि फलाटावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. "येऊन राह्यली म्हणतात म्हणजे आली नाई. डोयानं दिसंन तवा आली."

महामारीत गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमच्या पॅसेंजरच्या नावामागे 'स्पेशल' लागलं होतं, आणि या स्पेशल गाडीला आत्याच्या गावी थांबाच नव्हता. एसटीच्या फेऱ्याही कमी झाल्या. कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. गाव अडकून पडलं असतं. पण कोळशाच्या मालगाड्यांना आधी वाट द्यायची म्हणून ही स्पेशल रोज सकाळी गावाबाहेर, सिग्नलपाशी, हटकून उभी राहायची. महिन्याभरात लोकांनी तिथंच ठिय्या दिला. कॉलेजच्या पोरी, दवाखान्याचे पेशंट, भाजीवाल्या, सगळे रुळाकाठी बाभळीखाली बसायचे आणि गाडी थांबली की गिट्टीवरून वर चढायचे. थांबा गेला, पण उशीर त्याच्या जागी कामाला लागला. आत्या म्हणायची, "सरकारनं ठेसन बंद केलं, अन् उशिरानं उघडून देल्लं."

गिट्टीवरून डब्याची पायरी तिच्या छातीएवढी उंच. वरून दोघी ओढायच्या, खालून एकजण ढकलायची. "हळू वं पोरीहो, कापसाचा गठ्ठा नाई मी!" असं ती ओरडायची, सगळे हसायचे. पण चढून बसल्यावरही ती बराच वेळ खिडकीचा गज सोडायची नाही. मधेच मालगाडी निघून गेली आणि सिग्नल मिळाला तर? एक पाय वर, एक खाली असताना? एकदा तिनं मला हे विचारलं होतं. मी म्हणालो, "काही होत नाही आत्या, ती गाडी तिथं थांबतेच."

तिच्या एका डोळ्याची नजर काचबिंदूनं आधीच गेली होती. दुसरा वाचवायचा होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढीच राखता येईल. महामारीमुळे वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख पुढे पुढे ढकलली गेली. दर वेळी ती खिडकीशी जायची, जयभीम घालायची, आपलं वाक्य म्हणायची, आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. "खाजगीत नेतो तुला," असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा ते बोलण्यावरच राहिलं. शेवटी एकदाची तारीख पक्की झाली. बाहेरगावचे मोठे डॉक्टर येणार होते, ते सकाळीच नावं घेऊन दुपारी निघून जाणार होते.

आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबू, तू मोटार घेतली म्हनतेत ना? उद्या सकायी येतं का मले घ्याले? गाडीचा भरोसा नाई वाटत."

मोटार जुनीच, पण आम्हाला नवी, नुकतीच घेतलेली. ती अंगणात उभी होती. मी म्हणालो, "अगं, मोटार बिघडली. जाम गावाला गॅरेजात टाकली आहे."

मी हे बोलत होतो तेव्हाच, गाडी शिकत असलेल्या माझ्या मुलीनं ती मागे घ्यायला सुरुवात केली. आमच्या मोटारीला मागे घेताना पाखरांच्या चिवचिवाटासारखी धून वाजते. आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली. वर्ध्यात दुसऱ्या कुठल्या मोटारीला मी ती ऐकलेली नाही. मी फोनवर तळहात धरला.

"मांगं काय वाजून राह्यलं?"

"काही नाही, रस्त्यावर कोणीतरी. तू स्पेशलनंच ये. ती थांबणारच, आजवर कधी वेळेवर आली का? निश्चिंत राहा. मी स्टेशनावर आहेच."

खोटं का बोललो? काही मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. महामारीत मी स्वतः दवाखान्यात पडून आलो होतो, तेव्हापासून तो वास नकोसा झाला होता. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. दिवसभर तिच्यासोबत रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मोटार बिघडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बाभळीखाली जाऊन बसली. दूधवाल्याचा टेम्पो वर्ध्याला जाताना तिच्यापाशी थांबला. "चाल आत्या, सोडतो." ती म्हणाली, "नाई रे, बाबूनं गाडीनं बलावलं." टेम्पो गेला. आणि त्या दिवशी, कोण जाणे कसं, मालगाडी आली नाही. सिग्नल हिरवा होता. स्पेशल अगदी वेळेवर आली आणि धूळ उडवत सगळ्यांच्या समोरून निघून गेली. गावातले लोक पिशव्या हातात धरून पाहतच राहिले. ज्या उशिराला वर्षभर शिव्या दिल्या, त्याच्यावरच त्यांचा भरवसा होता.

तिनं मला फोन केला. "बाबू, गाडी थांबलीच नाई रे. आता कसं करू?" मी मोटार काढून निघालो असतो तर अजून वेळ होता. पण मोटार जामला होती ना! ती अंगणातून कशी निघणार? "बघतो काहीतरी," मी म्हणालो, आणि किल्ली हातात घेऊन पलंगावर बसून राहिलो. ती ऑटो, मग एसटी, असं करत दुपारी पोचली. डॉक्टर निघून गेले होते. खिडकीतल्या माणसानं पुढची तारीख दिली. त्या तारखेला मी तिला भाड्याच्या गाडीनं आणलं. स्वतःची काढायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

नंतर मी काय केलं? रेल्वेच्या नावानं ओरडलो. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, सभेत बोललो. 'थांबा नसल्यामुळे माझ्या आत्याचा डोळा गेला' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की ते मलाच खरं वाटू लागलं. लोक मला मानू लागले. आत्या मात्र भेटली की एवढंच विचारायची, "मोटार बरी झाली का रे बाबू?" मी 'हो, हो' म्हणून विषय बदलायचो.

पुढे थांबा परत मिळाला. पहिल्या दिवशी गाडी थांबली, अर्थात उशिरानं. गुलाल उडाला, गावानं मला हार घातला. आत्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. आवाज येईल तिकडे ती तोंड वळवत होती. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांच्या देखत मला तिला माझ्याच मोटारीनं घरी न्यावं लागलं. पहिल्यांदाच.

तिच्या घरापर्यंत जाणारी गल्ली अरुंद. मोटार मागे घेत न्यावी लागली. पाखरं चिवचिवायला लागली. मी आरशात पाहत होतो, तिच्याकडे पाहायची छाती नव्हती.

ती बराच वेळ ऐकत बसली. धून थांबल्यावर म्हणाली, "हेच वाजत होतं त्या दिशी."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मले तवाच वाटलं होतं. पन म्हटलं, बाबू कायले खोटं बोलंन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "नाई म्हनला असता तरी राग नसता आला रे. मी दूधवाल्याच्या टेम्पोत बसली असती. तू 'गाडी थांबते' म्हनलं, म्हनून मी बसून राह्यली."

खिडकीपाशी इतकी वर्षं ती जे मागत होती, तेच मला म्हणत होती. एवढं बोलून ती दार चाचपडत उतरली आणि म्हणाली, "चाल, चा घे. अन् रविवारी येत जाजो."

'बघतो' हा शब्द तोंडात आला होता. तो गिळून मी 'हो' म्हणालो. दर रविवारी जात राहिलो. तिला हाताला धरून अंगणात फिरवायचो, आणि ती फलाटावर थांबणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायची, "आज बी उशिराच आली पाह्य." मी माफी मागितली नाही. शब्द जुळायचे, पण ओठांशी येऊन थांबायचे. या उन्हाळ्यात ती गेली. आता मागायची तर कोणाकडे?

ती असताना एकाच रविवारी मी गेलो नव्हतो. अंगात कणकण होती, पण ते कारणही सांगितलं नाही. फोन करून म्हणालो, "आत्या, आज नाही येत."

ती कारण विचारेल असं वाटलं होतं.

"बरं केलं सांगतलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "आता दारात बसून नाई राहत. जेवते अन् झोपते."