चांगोची करंगळी

शहापूरहून भातसानगरला येताना, कॉलनीचा चढ सुरू व्हायच्या जरा आधी डाव्या हाताला एक गॅरेज लागतं. त्याच्या भिंतीला चुना दिलेला आहे आणि त्या चुन्यावर तेलाचे शेकडो पट्टे ओढलेले आहेत. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, काय घाणेरडा मेकॅनिक आहे. मीही तेच म्हणायचो. अकरा वर्षं म्हणत होतो, आणि तेही चांगोला ऐकू जाईल असं.

हे पट्टे चांगोच्या उजव्या करंगळीचे. कुठल्याही गाडीचं गिअर ऑइल बघायचं म्हटलं की चांगो बूच काढणार, भोकात करंगळी घालणार, बाहेर काढून उन्हात धरणार, अंगठ्यावर चोळणार, हुंगणार आणि मग भिंतीवर पुसणार. शेजारी कोळशानं गाडीचा नंबर आणि तारीख. पट्टा मधासारखा पिवळा असला तर गाडीवाला ऐटीत चहा मागवतो. काळा असला तर गप्प बसतो. आणि दुधाच्या चहासारखा असला तर पठ्ठ्यानं पावसाळ्यात बुडालेल्या मोरीवरून गाडी घातली आणि आत पाणी गेलं, हे घरी लपवलेलं असलं तरी सगळ्या रस्त्याला कळतं. रिक्षावाले पोलिसाला भीत नाहीत तेवढे त्या भिंतीला भितात.

हे वेड गॅरेजपुरतं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण लग्नात वऱ्हाड नाचत असतं आणि हा नवरदेवाच्या जीपखाली असतो. पंगतीत जेवायला बसला की करंगळी सरळ वर, अन्नाला लागू नये म्हणून. बारकी, त्याची बायको, त्याच्या शेजारी बसत नाही. "तुझा झेंडा तिकडं कर," म्हणते आणि आपलं पान उचलून दुसऱ्या रांगेत जाते. त्या करंगळीचा भाताला स्पर्श झालेला मी कधी पाहिला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आता माझं सांगतो, कारण माझ्या मूर्खपणाशिवाय चांगोची गोष्ट पुरी होत नाही. मी इंद्रजीत. सत्तावीस वर्षं भातसा धरणावर आहे. रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे माझं काम. मुंबई नळ सोडते तेव्हा तिच्या बादलीत किती यायचं ते आधी मला ठाऊक असतं. त्याचा थोडा ताठा माझ्यात आहे, असं बायको म्हणते. थोडा हा शब्द माझा.

अकरा वर्षांपूर्वी मी एका साहेबाकडून जुनी परदेशी मोटारसायकल घेतली. तिला साखळी नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक जाड नळी, नळीत लोखंडी दांडा, आणि चाकाजवळ एक गोळा. त्या गोळ्यात दातेरी चाकं फिरतात आणि तीच मागचं चाक फिरवतात. आमच्याकडं लोक दर रविवारी साखळीला जुनं तेल चोपडत बसतात. मी त्यांच्यासमोरून इस्त्रीच्या शर्टात जायचो आणि म्हणायचो, "साखळी नाय, तेल नाय, कटकट नाय." यातलं पहिलं खरं होतं.

गाडी आणली त्या दिवशी पौर्णिमा, माझी मुलगी, अकरा वर्षांची होती. मी तिला टाकीवर बसवलं आणि सांगितलं, "तू नोकरीला लागशील ना, त्या पहिल्या दिवशी मी तुला याच गाडीवरून सोडणार." पोरं असली बोलणी विसरत नाहीत. बापही विसरत नाही.

गेल्या डिसेंबरात तिची ऑर्डर आली. पशुधन पर्यवेक्षक, जनावरांचा दवाखाना, म्हसा. सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं. तिथली बैलांची जत्रा महिन्यावर आलेली, म्हणजे हजारो बैल तिच्या स्वागताला. मी गाडी धुतली आणि सगळ्या रस्त्याला बातमी सांगत खाली गेलो. चांगोनं पेढा डाव्या हातानं घेतला आणि विचारलं, "मागच्या गोळ्यात तेल कधी बघितलंव?"

"त्याला काय लागत नाय."

"साखळी नाय म्हणून तर लागतं, भाऊ. आत तेल नसंल तर दाताला दात खातंय. एक दिवस मागचं चाक चालत्या गाडीत जागच्या जागी धरंल. पोरगी मागं बसंल ना? एकदा बोट घालू द्या."

पोरीचं नाव काढल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मी सत्तावीस वर्षं अख्ख्या धरणाची पातळी बघतोय. वाटीभर तेलाची तू मला शिकवू नकोस." आणि पेढ्याचा बॉक्स बंद करून निघालो. तो दुसऱ्या पेढ्याला हात घालत होता.

पण घरी आल्यावर चैन पडेना. शनिवारी दुपारी मी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली. साइड स्टँडवर गाडी कलते आणि पातळी खोटी दिसते एवढं मलाही कळतं. गोळ्याच्या मागच्या बाजूचं बूच काढलं. भोकाच्या काठापर्यंत तेल. मी छायाला, म्हणजे बायकोला, हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आहे की." मी तसाच खाली गेलो आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत चांगोला ऐकवलं की तुझी करंगळी तुझ्याकडं ठेव, माझा गोळा काठोकाठ आहे.

चांगो एवढंच म्हणाला, "अंगणात बघितलंत?"

रविवारी सकाळी आठला तो चढ चढून आमच्या दारात हजर. माझ्याशी बोललाच नाही. छायाला म्हणाला, "वयनी, एक ताट द्या. आन तांब्याभर पाणी." ताट त्यानं गाडीच्या मागच्या चाकाशेजारी ठेवलं आणि पाणी ओतलं. पाणी ताटाच्या एका कडेला गोळा झालं, कडेवरून उतरलं आणि माझ्या चपलेत आलं. ताटाची दुसरी कड कोरडीच होती.

आमची कॉलनी डोंगराच्या उतारावर आहे. इथं सपाट काय ते धरणातलं पाणी. आमच्या अंगणातल्या खुर्च्यांच्या मागच्या पायांखाली मीच विटा लावल्यात, बसणारा मागं कलंडू नये म्हणून. गाडीचं तोंड चढाकडं, मागचं चाक उताराकडं. गोळ्यातलं जे काय तेल होतं ते सगळं मागं सरून भोकाशी जमलं होतं. मोजमाप करून पोट भरणारा मी माणूस, आणि उतारावर उभा राहून पातळी वाचली होती. मला लाज वाटली. चांगोची नव्हे, पौर्णिमाची वाटली. ती पायरीवर बसून ते ताट बघत होती आणि हसत नव्हती.

आम्ही गाडी चालू न करता ढकलत खाली नेली. गॅरेजपुढं सिमेंटचा चौकोन आहे. चांगोनं त्यावर आमचंच ताट ठेवून काठोकाठ पाणी भरलं. एक थेंब सांडला नाही. मग बूच काढून करंगळी घातली. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली आणि बाहेर आली तेव्हा फक्त नखाचं टोक ओलं होतं. ते काळं होतं आणि उन्हात त्यात बारीक चमचम दिसत होती.

"हे दाताचं लोखंड," तो म्हणाला. त्यानं ते भिंतीवर पुसलं आणि शेजारी कोळशानं माझा नंबर लिहिला. लहानसाच पट्टा होता, पण मला तो अख्ख्या भिंतीएवढा दिसला. मी हळूच म्हटलं, "नंबर नसता लिहिला तर?" त्यानं ऐकलं नाही.

खालचा नट काढून त्यानं जुनं तेल सांडलं, चाक हातानं फिरवून कान लावला, दोनदा लावला. दात शाबूत होते. नवं तेल भरलं. "पण सील पाझरतंय, तेल अडवणारं रबर," तो म्हणाला. "नवं सील मुंबईवरनं येल, गुरवारी. उद्या जायचं तर हळू जा. मुरबाडला थांबा, सपाट जागा बघा, बोट घाला. पयल्या पेराला तेल लागलं तर पुढं जा. नाय लागलं तर पोरीला रिक्षात बसवा."

"ते मी ठरवू?"

"पातळी तुमीच बघता ना?"

सोमवारी सकाळी निघालो. किन्हवली, सरळगाव, आणि कुठंही चाळीसच्या वर नाही. सायकलवाला पोरगा आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून वळून बघत होता. मुरबाडला स्टँडजवळ काँक्रीट दिसलं. मी पिशवीतून ताट काढलं, बाटलीतलं पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघू लागलो. एक म्हातारी म्हणाली, "कुत्र्याला ठेवतोस का रे बाबा?" मी हो म्हटलं. पाणी स्थिर होतं. डबल स्टँड लावला, बूच काढलं आणि करंगळी घातली. नखाशीच अडकली. माझी बोटं जाड आहेत, आणि ही गोष्ट मला अकरा वर्षांत त्या दिवशी कळली, कारण तोवर मी नुसताच बघत होतो.

साडेदहा वाजून गेले होते. समोर रिक्षा उभ्या होत्या. न बघता पुढं गेलो असतो तरी चांगोला कळलं नसतं, आणि माझा शब्द राहिला असता. पण मागं ती बसणार होती. मी म्हणालो, "पौर्णिमा, तू रिक्षानं जा. मी मागून येतो." 

"पप्पा, सरका," ती म्हणाली. ट्रेनिंगमध्ये तिनं खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घातलेला, तिला या भोकाचं काय कौतुक. नव्या ड्रेसची बाही वर केली आणि करंगळी घातली. काढली तेव्हा पहिलं पेर भिजलेलं होतं आणि वर थोडं आणखी. मधासारखं पिवळं. तिनं ते उन्हात धरलं, अंगठ्यावर चोळलं आणि हुंगलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हशाला पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. फडकं मी घरी विसरलो होतो. तिनं हजेरीच्या रजिस्टरवर सही केली आणि नावाशेजारी एक पिवळा पट्टा उमटला. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"मागच्या चाकाचं तेल, सर," ती म्हणाली. "बरोबर आहे."

परत येताना मी थेट चांगोकडं थांबलो आणि सगळं सांगितलं. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या, रंग आणि पेर. मी म्हणालो, "आता लिही भिंतीवर."

"मी कुठं बघितलं? ज्यानं बोट घातलं त्यानं पुसायचं," तो म्हणाला आणि माझ्या काळ्या पट्ट्याशेजारची जागा त्यानं कुणाला दिली नाही. गुरुवारी सील बसलं. रविवारी पौर्णिमा घरी आली, गाडी सिमेंटवर लावली, बोट घातलं आणि भिंतीवर पुसलं. चांगोनं तिथं नंबर लिहिला नाही, तिचं नाव लिहिलं. मग राहिलेला पेढा मागितला.

तेलाची वाट बघत उभी असलेली माणसं हल्ली ती भिंत वाचत बसतात. एखादा विचारतो, पौर्णिमाच्या शेजारचा हा काळा कोणाचा? मी तिथं असलो तर सांगतो, माझा.