तुळशीरामशी अर्धा राहिलेला वाद

तुळशीराम गेल्याची बातमी मला अकोल्यात एका गाडीवानानं सांगितली. अमरावतीहून कापूस घेऊन आला होता तो. कचेरीसमोर बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमचे दोस्त, बागवाले तुळशीराम... पटकीच्या साथीत गेले. आठ दिस झाले." मी परत आत जाऊन बसलो. समोरच्या कागदावरची एकही ओळ वाचता येईना. याला आता महिना होऊन गेला.

अमरावतीत आम्ही दोघांनी एकाच पंतोजींच्या हाताखाली अक्षरं गिरवली. मी कचेरीत कारकून झालो, त्यानं बापाची भाजीची बाग आणि ज्वारीचं रान धरलं. मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, विलायतेला आमचा कापूस हवासा झाला आणि वऱ्हाड बघता बघता पालटलं. ज्वारीच्या रानांत कापूस शिरला. व्यापाऱ्यांच्या छकड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसल्या. विणकरांना मात्र ना सूत परवडे, ना ज्वारी. जमिनीत साठवलेल्या धान्याची पेवं फुटू लागली आणि कचेरीत चोरांची रांग लागली.

संध्याकाळी त्याच्या विहिरीवर बसून आम्ही यावरच भांडायचो. मी म्हणायचो, "गरीब काल नव्हते का? तेव्हा का नाही झाल्या चोऱ्या?" वांग्यांना पाणी फिरवत तो म्हणायचा, "तवा सारेच कोरडी भाकर खात होते. आता एकाच गल्लीत एक जन पेढे वाटून राहिला, अन् दुसऱ्याची चूल थंडी. डोये हायेत ना मान्साले!"

"आणि कापसात पाणी मारून विकणारा व्यापारी? त्याचीही चूल थंड?"

तो खळखळून हसायचा. "त्याले शेजाऱ्याची चांदी दिसते!"

मला हे कधी पटलं नाही.

मग तुळशीरामचंच पेव फुटलं. शेजारचा विणकर उकंडा पकडला गेला, घरात पोतंभर ज्वारी सापडली. खटल्याचे जबाब मीच लिहीत होतो. "ही ज्वारी तुझी ना?" साहेबांनी विचारलं. तुळशीरामनं मूठभर दाणे हातात घेतले, बराच वेळ पाहिले... "नाई साहेब. माही नाई." उकंडा सुटला. बाहेर येताच मी तुळशीरामचा दंड धरला. "शपथेवर खोटं बोललास!"

"त्याची बायको बाळंतीन हाय," तो एवढंच म्हणाला.

दोन महिन्यांत उकंडानं दुसऱ्याचं पेव फोडलं आणि तुरुंगात गेला. मी मुद्दाम बागेत जाऊन ते सांगितलं.

"हारलो मी," तुळशीराम म्हणाला. "पन तुले कायचा आनंद होऊन राहिला रे?"

मी निघून आलो. पुढे माझी अकोल्याला बदली झाली. लढाई संपली, कापूस कोसळला, चांदीच्या धावा उतरल्या, तरी चोऱ्या थांबल्या नाहीत. वाटायचं, जावं आणि विचारावं, आता काय म्हणतोस? जाईन जाईन म्हणत दोन वर्षं गेली. खरं तर मला उत्तर नको होतं... त्याचा आवाज ऐकायचा होता.

तो गेल्यावर जाऊन आलो. बागेत उकंडाची बायको वांगी तोडत होती. "मानूस तुरुंगात गेला, त्याच हप्त्यात तुळशीरामदादानं आमाले कामावर ठेवलं," ती म्हणाली. मला त्यानं कधी कळवलं नव्हतं.

हल्ली आरोपीचा जबाब लिहून झाला की मी टाक खाली ठेवतो आणि विचारतो, "काल घरी काय शिजलं होतं?" कागदावर या प्रश्नाला जागा नाही. शिपाई चमकून बघतो. कुणी "काही नाही" म्हणतं. कुणी खाऊन-पिऊन सुखी असतो, तो शिजलेलं सांगताना ओशाळतो. एक उत्तर त्याच्या बाजूचं, एक माझ्या; दोन्ही मी मनातल्या मनात तुळशीरामला सांगत राहतो.